अनुकंपी मज्जासंस्था आणि हृदय : मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विंचू चावल्यावर हातपाय गार पडतात. उन्हातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी एकदम सोडली की बीपी उसळतो, आणि कुणी अंगावर धावून आलं की छाती धडधडते. या सगळ्यांमागे एकच यंत्रणा आहे. शाळेच्या पुस्तकात तिला अनुकंपी म्हणतात, दवाखान्यात सिम्पथेटिक. तिचं काम नीट कळलं तर काय करायचं आणि काय टाळायचं याचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

ही मज्जासंस्था शरीरात असते तरी कुठे?

कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून माकडहाडापर्यंत बारीक गाठींची एकेक माळ उतरलेली असते. मेंदूच्या तळातून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागात बाहेर पडतो. बहुतेक तंतू या गाठींमध्ये थांबून निरोप पुढे देतात आणि तिथून नवे तंतू हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि घामाच्या ग्रंथींपर्यंत जातात. हृदयाकडे जाणारे हुकूम मुख्यतः छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवरून निघतात. हृदयात या तंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सुटतं.

शिवाय दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. त्यांचा गाभा थेट रक्तात ॲड्रेनालिन सोडतो. तंतूचा निरोप क्षणात पोचतो, पण रक्तात मिसळलेलं ॲड्रेनालिन ओसरायला काही मिनिटं लागतात. बिथरलेला बैल अंगावर आला आणि तुम्ही वाचलात, तरी बांधावर बसल्यावर हात थरथरत राहतात ते यामुळे.

हृदय आपोआप चालतं म्हणतात. मग त्याला मज्जातंतू कशाला हवेत?

ठोका हृदय स्वतःच तयार करतं, हे खरं आहे. उजव्या वरच्या कप्प्यातली गाठ कुणी न सांगता मिनिटाला साधारण १०० ठोके देते. निवांत बसलेल्या माणसाची नाडी ६० ते ८० असते, कारण अनुकंपीच्या उलट काम करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेची व्हेगस नावाची नस सतत ब्रेक लावून असते. हृदय बदललेल्या रुग्णात नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. त्याची नाडी बसल्या जागीही ९० ते ११० राहते आणि धावपळ केली तर सावकाश वाढते.

उठून कामाला लागलं की आधी ब्रेक सैल होतो, मग अनुकंपी बाजू जोर लावते. ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरकस होतो. कातडीच्या आणि आतड्याच्या वाहिन्या आवळतात, म्हणजे रक्त स्नायूंकडे वळतं. मूत्रपिंडाला रेनिन नावाचं रसायन सोडण्याचा हुकूम जातो, त्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवणारं तरुण हृदय जोराच्या श्रमात २० लिटरपर्यंत जातं. ही सोय थोड्या वेळासाठी आहे. ती महिनोन्महिने चालू राहिली की हृदयाची भिंत जाड होते, वाहिन्या ताठर होतात आणि बीपी वरच्या पातळीवर स्थिरावतो.

टेन्शन आलं की बीपी वाढतो. म्हणजे बीपीचा आजार झाला का?

एका वेळच्या आकड्यावरून तसं ठरत नाही. भांडणानंतर, बाजार समितीत भाव पडल्याचं ऐकल्यावर किंवा नुसता पांढरा कोट बघूनही वरचा आकडा २०-३० ने चढू शकतो. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात मोजून १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त आला, किंवा घरी शांतपणे मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर राहिली, तर आजार मानतात. दवाखान्यातच वाढणाऱ्या बीपीला लगेच गोळी लागतेच असं नाही, पण दुर्लक्षही करू नये. अशा लोकांत पुढे कायमचा बीपी होण्याचं प्रमाण जास्त असतं.

मग बीपी मोजायचा कसा?

बहुतेक चुका इथेच होतात. उपकेंद्रात सायकलवरून आलेला माणूस दम खातखात खुर्चीत बसतो आणि लगेच दंडाला पट्टा लागतो. तो आकडा त्याच्या बीपीचा नसतो, सायकलचा असतो.

चहा, तंबाखू, मशेरी आणि श्रम अर्धा तास आधी बंद. लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयाने अनुकंपी हुकूम वाढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर टेकवलेला असावा. हात लोंबता राहिला तर आकडा खोटा वाढतो. पट्ट्यातल्या फुग्याने दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी जास्त दिसतो. मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा बीपी बघावा आणि पुढे जास्त येणाऱ्या हाताचाच धरावा.

मशेरी लावल्याने हृदयाला काय होतं? धूर तर नसतो.

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, अनुकंपी गाठींना आणि अधिवृक्क ग्रंथीला उत्तेजित करतं, आणि नाडी मिनिटाला १० ते २० ने, तर बीपी ५ ते १० ने वाढतो. मशेरी आणि गायछाप तोंडात बराच वेळ राहतात, म्हणून परिणामही लांबतो. दिवसातून सहा-सात वेळा लावणारीचं हृदय जागेपणीचा बराचसा काळ या चाबकाखाली असतं. बीपीच्या दोन-दोन गोळ्या चालू असूनही आकडा उतरत नसेल तर डॉक्टरांना मशेरीचं आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

उन्हाळ्यात शेतात वाकून काम करून उठलं की अंधारी का येते?

उभं राहिल्याबरोबर अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरतं. मानेच्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारे तंतू बसलेले असतात. त्यांना घट जाणवली की काही सेकंदांत अनुकंपी हुकूम सुटतो, पायातल्या वाहिन्या आवळतात आणि नाडी वाढते.

आता मराठवाड्यातला मे महिना घ्या. पारा ४२-४३ अंशांवर असताना अंग थंड ठेवण्यासाठी कातडीकडे प्रचंड रक्त पाठवावं लागतं. कमाल ताणात मिनिटाला ६ ते ८ लिटर. घामाने तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. एकीकडे कातडीच्या वाहिन्या उघड्या ठेवायच्या आणि दुसरीकडे दाब राखण्यासाठी आवळायच्या, या ओढाताणीत दाब पडतो. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर माणूस खालीच कोसळतो.

उठायचं तर टप्प्याने उठा. आधी उकिडवे बसा, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळा, मग उभे राहा. अंधारी आलीच तर पायाची कात्री करून मांड्या आणि ढुंगण घट्ट आवळा. दाब लगेच वाढतो. १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा (चहाचा चमचा) घालून घोट घोट प्या. हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. उन्हाळा लागताना बीपीच्या गोळ्यांचा डोस एकदा तपासून घेणं शहाणपणाचं, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपासणी घरीही होते. ५ मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर तो लिहून डॉक्टरांना दाखवा.

तुळजापूरला रांगेत उभी असताना मुलगी बेशुद्ध पडली. तिला हृदयाचा आजार असेल का?

तरुण व्यक्ती, उपाशी पोट, गर्दी, बराच वेळ एका जागी उभं राहणं, आधी मळमळ आणि घाम, मग पडणं आणि आडवी होताच मिनिटाभरात शुद्ध येणं : हे वर्णन असेल तर बहुधा साधी मूर्च्छा आहे. त्यात अनुकंपी हुकूम अचानक बंद पडतो, व्हेगसचा ब्रेक जोरात लागतो आणि दाब व नाडी दोन्ही एकदम उतरतात. लोक अशा वेळी धरून बसवतात, नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात. बसवणं घातक आहे. मेंदूला रक्त मिळावं म्हणून तर शरीर आडवं झालेलं असतं. तिला आडवीच ठेवा, पाय वीतभर उचला, गर्दी बाजूला करा.

धावताना किंवा श्रम चालू असताना बेशुद्ध पडणं, आधी कसलीच सूचना नसणं, किंवा घरात तरुण माणसाचा अचानक मृत्यू झालेला असणं, या तीन गोष्टींत मात्र ईसीजी आणि इको त्याच आठवड्यात करा.

विंचू चावला तर हृदयाला धोका का? विष तर पायात असतं.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, पण त्याच्यापेक्षा तांबडा विंचू कितीतरी घातक. त्याचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या दारांना नीट बंद होऊ देत नाही. तंतू पेटतच राहतात, आणि साऱ्या शरीरातल्या अनुकंपी टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथीतून नॉरॲड्रेनालिन व ॲड्रेनालिन भसाभसा रक्तात येतं. दहा बैल एकाच वेळी अंगावर आल्यासारखी ही अवस्था असते, आणि ती थांबत नाही. वाहिन्या आवळतात, बीपी चढतो, हृदयाला अरुंद नळीतून रक्त ढकलावं लागतं. शिवाय ॲड्रेनालिनचा इतका मारा हृदयाच्या स्नायूलाही थेट इजा करतो. थकलेलं हृदय मागे पडलं की फुप्फुसात पाणी भरतं.

आता जे सांगतो ते नीट लक्षात ठेवा. चावलेल्या जागी असह्य वेदना आहेत, पेशंट ओरडतोय, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, तर तो बहुधा सुरक्षित आहे. उलट वेदना फारशा नाहीत, पण दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, गार पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं, ही लक्षणं वादळ सुरू झाल्याची आहेत. शांत पडलेलं गार पोर बघून "झोप लागली" म्हणू नका. पुढे खोकला, दम आणि गुलाबी फेस आला म्हणजे फुप्फुसात पाणी झालं.

त्यावर उपचार कोणता?

प्राझोसिन नावाची गोळी. ती वाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहकांना, म्हणजे नॉरॲड्रेनालिन जिथे चिकटतं त्या जागांना, अडवते, म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. हा उपाय रुजवला तो जालना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि कोकणात महाडला काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. त्यांचं प्राझोसिनवरचं निरीक्षण १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण डॉक्टरने बीपीच्या स्वस्त गोळीने शेकडो लेकरं वाचवण्याची वाट दाखवली, याचा मराठवाड्याने अभिमान बाळगावा.

लहान मुलांना वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने गोळी देतात आणि हातपाय गरम होईपर्यंत साधारण दर ३ तासांनी पुन्हा. डोस डॉक्टरच ठरवतील. घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे : गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं. मायेपोटी आई त्याला उचलून खांद्यावर उभं धरते, आणि सैल झालेल्या वाहिन्यांमुळे दाब एकदम कोसळतो. उचलायचंच तर आडवं उचला. विंचवाची प्रतिविष लसही मिळते. प्राझोसिनसोबत ती दिल्याने रुग्ण लवकर सावरतो हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्र टाकायला नेण्यात तास घालवू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस घेऊन मग पुढे लातूर, नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर गाठा. घाम आणि गारठा आलेल्या रुग्णाला किमान २४ तास देखरेखीत ठेवावं लागतं. आणि माळवदाच्या घरात, सोयाबीनच्या बनमीपाशी किंवा गोवऱ्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. बूट झटकून घाला.

फवारणीच्या विषबाधेतही घाम आणि लाळ येते. फरक कसा ओळखायचा?

अनेक कीटकनाशकं उलट बाजूला, म्हणजे परानुकंपी संस्थेला पेटवतात. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर होते, डोळ्यांतून पाणी येतं, जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि नाडी बरेचदा मंदावते. सुरुवातीला ती जलदही असू शकते, म्हणून नुसत्या नाडीवर जाऊ नका. या विषबाधेत ॲट्रोपिन हे औषध जीव वाचवतं. विंचूदंशात तेच टाळतात, कारण व्हेगसचा उरलासुरला ब्रेकही सुटतो. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका, औषधाची बाटली सोबत न्या.

बीटा ब्लॉकरची गोळी कशासाठी देतात? बरं वाटतंय, तर बंद करू का?

एकदम कधीही बंद करू नका. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल ही त्या गटातली नेहमीची नावं. हृदयावरच्या ज्या ग्राहकांना ॲड्रेनालिन चिकटतं, ते या गोळ्या अडवून ठेवतात. पहिली उपयोगी गोळी, प्रोप्रॅनोलोल, जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात घडवली. १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. ग्राहक अडलेले असताना शरीर हळूहळू नवे ग्राहक तयार करतं. गोळी अचानक थांबली की नेहमीचंच ॲड्रेनालिन जास्त ग्राहकांवर आदळतं : धडधड, छातीत दुखणं, ज्यांच्या धमन्यांत आधीच अडथळा आहे त्यांना झटकासुद्धा. म्हणून डोस एक-दोन आठवड्यांत टप्प्याने उतरवतात. लग्नाला परगावी जाताना गोळ्या संपतील का, हे निघण्याआधी बघा. एक डोस चुकला तर आठवताच घ्या, पण दोन एकदम घेऊ नका. क्लोनिडिन या बीपीच्या गोळीबाबत तर आणखी जपा, ती सोडल्यावर बीपी एक-दोन दिवसांत भयंकर चढतो.

एकेकाळी कमकुवत हृदयाला ही गोळी वर्ज्य मानत. पण अशा हृदयाला अनुकंपी संस्था सतत चाबूक मारत असते आणि त्यानेच ते लवकर झिजतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. सुरुवात अगदी लहान डोसने करतात आणि साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवतात. पहिल्या आठवड्यांत थकवा येतो. तेवढ्यावर सोडू नका. पायाला सूज किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर मात्र लगेच कळवा. हळूहळू सुटणारी गोळी कुटून किंवा चावून खाऊ नये.

दम्याच्या रुग्णाने दमा आहे हे आधी सांगावं. साखर कमी झाल्याची धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो, तोच इशारा समजा.

शुगर आहे. झटका आला तर छातीत दुखेलच ना?

दुखेलच असं नाही. वर्षानुवर्षं वाढलेली साखर हृदयाच्या नसाही खाते. व्हेगस आधी मरते, म्हणून बसल्या जागी नाडी १०० च्या आसपास अडकून राहते. पुढे अनुकंपी तंतू जातात. उभं राहिलं की बीपी पडतो, आणि दुखणं कळवणारे तंतूही गेल्यामुळे झटका नुसता दम, घाम, मळमळ किंवा अचानक गळून जाणं असा येतो. दहा वर्षं शुगर असलेल्याला असं काही झालं तर "पित्त" म्हणून सोडा पाजण्याआधी ईसीजी काढा. एक सोपी तपासणीही आहे : मिनिटाला ६ या गतीने खोल श्वास घेत ईसीजी काढतात. श्वास घेताना आणि सोडताना नाडीत १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक निरोगी, १० पेक्षा कमी असेल तर शंका घ्यावी. वयाप्रमाणे हा फरक कमी होतो, तेवढं गृहीत धरतात.

घोरण्याचा आणि बीपीचा काय संबंध?

घोरता घोरता श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि अनुकंपी संस्था माणसाला हादरवून जागं करते. एका रात्रीत शेकडो वेळा. तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल आणि दिवसा झोप येत असेल तर झोपेची तपासणी करा.

सर्दीच्या गोळीने बीपी वाढतो का?

हो. नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनचं काम अनुकंपी संस्थेची नक्कल करणं हेच आहे. मेडिकलमधून घेताना बीपी असल्याचं सांगा.

प्राणायाम आणि चालणं यांनी खरंच फरक पडतो का?

पडतो, पण किती ते कळलं पाहिजे. मिनिटाला ६ श्वास या संथ गतीने रोज १५ मिनिटं श्वसन केलं तर दाब मोजणाऱ्या तंतूंची संवेदना सुधारते आणि बीपी काही अंकांनी उतरतो. गोळीची जागा ते घेत नाही. बीपी ताब्यात नसताना जोरजोरात कपालभाती किंवा श्वास कोंडणं टाळा. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालणं हा अनुकंपी जोर कमी करण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग. रानातलं काम हंगामी असतं, त्यामुळे पेरणी आणि काढणीच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत चालणं ठेवा. महिनोन्महिने बसून राहून एकदम पोती उचलणं हृदयाला सोसत नाही.

मूत्रपिंडाच्या नसा जाळून बीपी बरा होतो म्हणतात, ते काय आहे?

मांडीतून नळी घालून मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीचे अनुकंपी तंतू उष्णतेने किंवा ध्वनिलहरींनी निकामी करतात. २०१४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. उपकरणं आणि पद्धत सुधारल्यावर दिसला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बीपी साधारण पाच-सहा अंकांनी उतरतो. गोळ्या बहुतेकांच्या चालूच राहतात, त्यामुळे आधी मीठ, मशेरी, घोरणं आणि चुकणारे डोस यांचा हिशेब लावावा.

घरी नाडी मोजली तर कोणत्या आकड्याला घाबरायचं?

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठा वापरू नका. त्याला स्वतःची नाडी असते. पूर्ण ६० सेकंद मोजा, कारण ठोके अनियमित असतील तर १५ सेकंदांना चारने गुणून चुकतं. ताप नसताना, निवांत बसून वारंवार १०० च्या वर येत असेल तर रक्तक्षय, थायरॉइड आणि शुगर तपासा. डोकेदुखी, घाम आणि धडधड हे त्रिकूट झटक्याझटक्याने येत असेल तर अधिवृक्क ग्रंथीची गाठ शोधावी लागते. ती क्वचित असते पण काढून टाकता येते. बीटा ब्लॉकर चालू असताना नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. नाडी कितीही असो, छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आणि थंड घाम एकत्र आले तर मोजत बसू नका, १०८ लावा.